कच्च्या खर्ड्यापासून पोर्टफोलिओपर्यंत: वर्गात ऑनलाइन सहलेखन कसे रुजवावे

वही तपासायला घेतली की शिक्षकाच्या हाती येते ते बहुतेक वेळा लेखनाचे शेवटचे रूप. विद्यार्थ्याने आधी काय लिहिले होते, कोणते वाक्य खोडले, कोणाच्या सांगण्यावरून उदाहरण बदलले आणि कोणता मुद्दा अर्ध्यावर सोडून दिला, याचा माग त्या स्वच्छ पानावर उरत नाही. ऑनलाइन दस्तऐवजात मात्र यातले बरेचसे आपोआप नोंदले जाते, आणि ही साधने वर्गात आणण्याचे माझ्या दृष्टीने हेच सर्वांत सबळ कारण आहे. सुबक सादरीकरण, कागदाची बचत, गृहपाठ घरून जमा करण्याची सोय हे सगळे फायदे त्यानंतरचे. सहलेखनाच्या साधनात काम घडते आणि डिजिटल पोर्टफोलिओत, म्हणजे विद्यार्थ्याच्या निवडक कामाच्या संग्रहात, त्या कामात होत गेलेला बदल जपला जातो, असे दोन्हींचे नाते आधीच मनाशी पक्के केले, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

साधन निवडताना

सुरुवातीला एकच साधन घ्यावे आणि निदान एक सत्र तरी ते बदलू नये. गूगल डॉक्स, ब्राउझरमध्ये चालणारे मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा प्रत्येक लेखकाचा मजकूर वेगळ्या रंगात दाखवणारे मुक्त स्रोत (कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारे) ईथरपॅड यांपैकी कोणतेही चालेल. लहान वर्गांसाठी सीसॉसारखे साधन अधिक सोयीचे पडते, कारण तिथे मूल चित्र काढून, छायाचित्र जोडून किंवा स्वतःच्या आवाजात बोलून काम नोंदवू शकते आणि क्यूआर कोड दाखवून आत जाऊ शकते. पासवर्ड लक्षात ठेवण्यात तासाची पहिली पंधरा मिनिटे जात नाहीत, ही त्या वयोगटात फार मोठी गोष्ट आहे.

निवड करताना तीन गोष्टी तपासाव्यात. कोणी काय लिहिले आणि केव्हा बदलले याची नोंद साधन ठेवते का? केवळ पाहणे, टिप्पणी करणे आणि प्रत्यक्ष बदल करणे अशा परवानग्या वेगवेगळ्या देता येतात का? आणि वर्षाच्या शेवटी सर्व काम एखाद्या नेहमीच्या स्वरूपात, म्हणजे पीडीएफ, वर्ड फाइल किंवा साध्या वेबपानांच्या रूपात, उतरवून घेता येते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर ते साधन कितीही आकर्षक असले तरी पोर्टफोलिओसाठी घेऊ नये. शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे विकिस्पेसेस हे मिळून वेबपाने लिहिण्याचे संकेतस्थळ २०१८ पासून टप्प्याटप्प्याने बंद झाले, फ्लिप ही व्हिडिओ-चर्चेची सेवा स्वतंत्र स्वरूपात २०२४ मध्ये बंद झाली आणि गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळाही २०२४ च्या अखेरीस बंद झाला. शाळेतील दहा वर्षे जिथे साठवायची, ती जागा दहा वर्षे टिकेलच असे गृहीत धरता येत नाही.

उपकरणे कमी असतील तर काम अडत नाही. तिघांत किंवा चौघांत एक उपकरण दिले आणि टंकलेखन करणारा दर दहा मिनिटांनी बदलला, तर चर्चा उलट अधिक होते. इंटरनेट वारंवार तुटत असेल तर गूगल डॉक्समधील ऑफलाइन सोय आदल्या दिवशीच, इंटरनेट सुरू असताना, चालू करून ठेवावी लागते. ती ऐन वेळी चालू होत नाही. देवनागरीत लिहायचे असेल तर सर्व उपकरणांवर युनिकोडचा (सगळीकडे सारखीच दिसणारी अक्षरे देणाऱ्या प्रमाण पद्धतीचा) कळफलक आहे ना, हेही आधी पाहून घ्यावे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर ऑनलाइन दस्तऐवजात चिकटवला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात आणि मुलांना वाटते की चूक आपलीच झाली.

खाती आणि परवानग्या

शक्य असेल तिथे शाळेने व्यवस्थापित केलेली खाती वापरावीत, मुलांची किंवा पालकांची वैयक्तिक खाती नव्हेत. अनेक सेवांच्या अटींमध्ये स्वतंत्र खात्यासाठी किमान वय १३ किंवा त्याहून अधिक असते. त्यापेक्षा लहान मुलांसाठी शाळेच्या माध्यमातून आणि पालकांच्या लेखी संमतीने खाते उघडण्याचा मार्ग असेल तोच घ्यावा. खोटे जन्मवर्ष टाकून खाते उघडायला मुलांना कधीही सांगू नये. ऑनलाइन जगातला त्यांचा पहिला धडाच खोटेपणाचा ठरेल.

परवानगीची गल्लत ही नवख्या शिक्षकाकडून हमखास होणारी चूक आहे आणि ती माझ्याकडूनही झाली. मी तयार केलेली कृतिपत्रिका ‘बदल करू शकतो’ या परवानगीसह संपूर्ण वर्गाला पाठवली. पहिल्या मुलाने उत्तरे थेट मूळ पत्रिकेतच लिहिली, दुसऱ्याने ती पुसून स्वतःची लिहिली, आणि पाच मिनिटांत ती पत्रिका कोणाचीच राहिली नाही. यावर दोन सोपे उपाय आहेत. गूगल क्लासरूममधून, म्हणजे वर्गाला काम देण्याच्या आणि ते जमा करण्याच्या गूगलच्या सेवेतून, काम देताना जोडलेल्या फाइलसमोर ‘प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत तयार करा’ हा पर्याय निवडावा. काम एकदा पाठवल्यावर हा पर्याय मिळत नाही, म्हणून पाठवण्याचे बटण दाबण्यापूर्वी तो डोळ्यांनी पाहून खात्री करावी. क्लासरूम वापरत नसाल तर दस्तऐवजाच्या लिंकमधील शेवटचा ‘एडिट’ हा शब्द आणि त्यापुढचे सारे काढून तिथे इंग्रजीत ‘कॉपी’ लिहावे. मग लिंक उघडणाऱ्याला आधी स्वतःची प्रत करून घ्यावी लागते आणि मूळ फाइल सुरक्षित राहते.

पहिला तास मोडतोडीचा

पहिल्या तासाला अभ्यासक्रमातला महत्त्वाचा घटक घेऊ नये. सादरीकरणाची एकच फाइल उघडावी, प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांकाप्रमाणे एकेक स्लाइड द्यावी आणि खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या वस्तूविषयी तीन वाक्ये लिहायला सांगावे. एका दस्तऐवजात सगळ्या वर्गाने एकाच वेळी लिहिण्यापेक्षा हे पुष्कळ बरे, कारण गूगल डॉक्समध्ये एका वेळी शंभर जणांना बदल करता येत असले, तरी तीस कर्सर एका पानावर फिरू लागले की कोणालाच स्वतःची ओळ सापडत नाही.

या तासात काहीतरी पुसले जाणारच, आणि ते पुसले जावे अशीच माझी इच्छा असते. एकदा एका मुलाने सगळ्या स्लाइड निवडून पुसून टाकल्या. वर्ग एकदम गप्प झाला. ज्याच्या हातून ते घडले तो मुलगा पडद्याकडे न पाहता बाकाकडे पाहत होता. मी प्रोजेक्टरवर फाइलच्या मेन्यूतून ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडली, चार मिनिटांपूर्वीची आवृत्ती निवडली आणि ‘ही आवृत्ती परत आणा’ यावर टिचकी मारली. सगळ्या स्लाइड पुन्हा जागेवर आल्या. त्या एका प्रसंगातून वर्ग दोन गोष्टी शिकला: चूक झाली तर ती दुरुस्त होते, आणि कोणी काय केले हे इथे नावासह दिसते. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या खोड्या त्यानंतर जवळजवळ थांबल्या. दम देऊन त्या इतक्या लवकर थांबल्या नसत्या, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गटाने लिहिणे म्हणजे काय

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. चौघांना एक दस्तऐवज दिला की एक जण लिहितो, दुसरा शीर्षकाचा रंग बदलतो आणि उरलेले दोघे पाहत बसतात. यावर उपाय म्हणून चार भाग वाटून दिले तर चार वेगळे निबंध एकाखाली एक चिकटवलेले मिळतात. ते सहलेखन नव्हे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेली ‘जिगसॉ’ पद्धत या ठिकाणी उपयोगी पडते. गटातील प्रत्येकाकडे विषयाचा असा एक भाग असतो की तो इतरांना कळल्याशिवाय त्यांचे काम पूर्ण होऊ शकत नाही. बाष्पीभवनाच्या प्रयोगाचा अहवाल हे उदाहरण घेऊ. दोन सारख्या बशांमध्ये समान पाणी घेऊन एक उन्हात आणि एक सावलीत ठेवली आहे. गटातील एक जण कृती लिहितो, दुसरा दर तासाची मोजमापे सामायिक तक्त्यात भरतो, तिसरा त्या मोजमापांवरून कारण मांडतो, आणि चौथा कोणत्या गोष्टींमुळे निष्कर्ष चुकू शकतो ते लिहितो. कारण मांडणाऱ्याला मोजमापांशिवाय पुढे जाता येत नाही आणि चुकीच्या शक्यता शोधणाऱ्याला कृती बारकाईने वाचावीच लागते.

या कामाला मी तीन तासिका देते. पहिल्या तासिकेची पहिली दहा मिनिटे उपकरणे बंद असतात आणि गट नुसता बोलतो. ही दहा मिनिटे वाचवण्याचा मोह टाळावा, कारण पडद्यासमोर बसल्यावर मुले एकमेकांशी बोलायचे विसरतात. मग प्रत्येक जण आपापला खर्डा लिहितो. दुसऱ्या तासिकेचा नियम एकच: स्वतःच्या परिच्छेदाला हात लावायचा नाही. प्रत्येकाने पुढच्याच्या परिच्छेदात जाऊन ‘सजेस्टिंग’ पद्धतीने, म्हणजे मूळ शब्द न पुसता सूचनेच्या रूपात, बदल सुचवायचे. तिसऱ्या तासिकेत मूळ लेखक त्या सूचना स्वीकारतो किंवा नाकारतो, आणि नाकारली तर त्याखाली एका वाक्यात कारण लिहितो. नाकारण्याचे कारण लिहिताना मूल आपल्या लेखनाविषयी जेवढा विचार करते, तेवढा ते अन्यथा क्वचितच करते. एका मुलीने ‘पाणी उडून गेले’ याऐवजी ‘पाण्याची वाफ झाली’ असे करण्याची सूचना आली तेव्हा ती नाकारून लिहिले होते, ‘वाफ आम्ही पाहिली नाही, पाणी कमी झालेले पाहिले, म्हणून मी “पाणी कमी झाले” असे लिहिते.’ निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक तिने स्वतःच शोधला होता. तो अहवाल मी आजही नव्या वर्गाला दाखवते, तिच्या आणि तिच्या पालकांच्या परवानगीने आणि तिचे नाव काढून.

आवृत्तींचा इतिहास पाहून गुण देण्याची घाई मात्र करू नये. कोणाच्या नावावर किती शब्द दिसतात यावरून कोणाचा वाटा किती हे कळत नाही. एक जण बोलून सांगतो आणि दुसरा टंकतो, तेव्हा सगळा मजकूर टंकणाऱ्याच्या नावावर नोंदला जातो. म्हणून प्रत्येक तासिकेच्या शेवटी दस्तऐवजाच्या तळाशी प्रत्येकाने ‘आज मी काय ठरवले, काय केले’ याची एक ओळ लिहावी आणि ती इतिहासाशी ताडून पाहावी. दोन्हींत फार अंतर दिसले तर आरोप करण्याऐवजी गटाला बाजूला बसवून विचारावे. बहुतेक वेळा साधे स्पष्टीकरण मिळते.

टिप्पणी करायला शिकवावे लागते

विद्यार्थ्यांना एकमेकांच्या लेखनावर टिप्पणी करायला सांगितले की सुरुवातीला ‘छान’, ‘खूप छान’ आणि अंगठ्याची चित्रे यांचा पाऊस पडतो. यात त्यांचा दोष नाही, त्यांनी शेरा म्हणून तेवढेच पाहिलेले असते. मी पहिल्या आठवड्यात एकच साचा देते: आधी ज्या वाक्याविषयी बोलायचे ते निवडा, मग ते वाचताना तुम्हाला काय कळले किंवा काय कळले नाही ते लिहा, आणि शेवटी एक प्रश्न विचारा. ‘चांगले लिहिले आहे’ याच्या जागी मग असे काही येऊ लागते: ‘सावलीतली बशी किती वाजता ठेवली ते या वाक्यात नाही, त्यामुळे दोन्ही बशा एकाच वेळी ठेवल्या की नाही हे मला कळले नाही. वेळ तक्त्यात आहे का?’ एका लेखनावर तीनपेक्षा जास्त टिप्पण्या नकोत, ही मर्यादा शिक्षकानेही पाळावी. वीस टिप्पण्यांनी भरलेला समास पाहून मुलाला दुरुस्ती कुठून सुरू करावी तेच कळत नाही.

गुणांविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात ज्या विद्यार्थ्यांना केवळ लेखी टिप्पणी मिळाली त्यांची कामगिरी सुधारली, तर टिप्पणीसोबत गुणही मिळालेल्यांमध्ये तशी सुधारणा दिसली नाही. वर्गातही हेच दिसते: गुण दिसले की मुलाची नजर तिथेच थांबते. म्हणून खर्ड्याच्या टप्प्यावर गुण देऊ नयेत, फक्त टिप्पणी द्यावी. अंतिम रूप आल्यावर शाळेच्या नियमाप्रमाणे गुण द्यावेच लागतील, तेव्हा ते द्यावेत. आणखी एक बारीकसा नियम असा की शिक्षकाच्या टिप्पणीला विद्यार्थ्याने उत्तर लिहिल्याशिवाय ती ‘सोडवली’ म्हणून बंद करायची नाही. बंद केलेली टिप्पणी गूगल डॉक्समध्ये नाहीशी होत नाही, टिप्पण्यांच्या यादीत राहते, आणि पोर्टफोलिओच्या वेळी ती पुन्हा कामी येते.

पोर्टफोलिओ: साठवण आणि निवड

आता पोर्टफोलिओकडे वळू. सर्वांत मोठा गैरसमज असा की वर्षभराची प्रत्येक फाइल एका फोल्डरमध्ये टाकली की डिजिटल पोर्टफोलिओ तयार होतो. ते गोदाम झाले. प्रत्येक विद्यार्थ्याचे दोन फोल्डर असावेत: पहिल्यात सगळे काम, दुसऱ्यात निवडक. पहिल्यात फाइल टाकताना नावाची एक शिस्त ठरवून द्यावी, उदाहरणार्थ वर्ष, महिना, दिवस, विषय, घटक आणि खर्ड्याचा क्रमांक या क्रमाने. वर्ष आधी लिहिले आणि महिना व दिवस नेहमी दोन अंकी लिहिले की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

निवड साधारण सहा आठवड्यांनी एकदा करावी, आणि ती विद्यार्थ्यानेच करावी. मी दोन नमुने मागते: ज्याचा अभिमान वाटतो असा एक, आणि ज्यात सर्वांत जास्त बदल झाला असा दुसरा. दुसऱ्या नमुन्यासोबत त्याचा पहिला खर्डाही जोडायचा असतो. हा नियम सुरुवातीला मुलांना नको वाटतो, कारण चुका जगाला दाखवायच्या कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. इथे शिक्षकाने स्वतःचा एखादा खाडाखोड केलेला खर्डा वर्गासमोर ठेवावा. दहा वाक्यांच्या उपदेशापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

प्रत्येक नमुन्यासोबत चार-पाच ओळींची चिंतन-नोंद असावी, आणि पोर्टफोलिओचा प्राण या नोंदीत आहे. ‘हा निबंध मला आवडला, मी खूप मेहनत घेतली’ अशी नोंद आली तर ती परत द्यावी आणि नेमके प्रश्न विचारावेत: पहिल्या खर्ड्यातले कोणते वाक्य तू बदललेस, ते का बदललेस, कोणाच्या टिप्पणीमुळे, आणि आज पुन्हा लिहायला बसलास तर काय वेगळे करशील? आधी अशीच मोघम नोंद देणाऱ्या एका मुलाकडून दुसऱ्या फेरीत आलेली नोंद अशी होती: ‘पहिल्या खर्ड्यात मी आजोबांविषयी “ते प्रेमळ होते” असे लिहिले. मित्राने विचारले, प्रेमळ म्हणजे काय करायचे? मग मी ते माझी पेन्सिल टोकदार करून दप्तरात ठेवायचे ते लिहिले. आता “प्रेमळ” हा शब्द लिहायची गरज राहिली नाही.’ दहा-अकरा वर्षांच्या मुलाने लेखनाविषयी याहून अधिक काय सांगावे?

केवळ लेखनच पोर्टफोलिओत जाते असे नाही. गणिताचे चुकलेले उदाहरण आणि त्याशेजारी चूक कुठे झाली याचे स्पष्टीकरण, प्रतिकृती बनवतानाची तीन टप्प्यांवरची छायाचित्रे, सत्राच्या आरंभी आणि शेवटी केलेल्या प्रकट वाचनाची ध्वनिमुद्रणे हे सगळे तिथे शोभते. ध्वनिमुद्रण दोन मिनिटांपेक्षा लांब नसावे, नाहीतर ते कोणी ऐकत नाही.

मांडणीसाठी गूगल साइट्स, मायक्रोसॉफ्टच्या वननोटची क्लास नोटबुक किंवा शाळेकडे स्वतःचा सर्व्हर असल्यास महारा ही पोर्टफोलिओसाठीची मुक्त स्रोत प्रणाली वापरता येते. तरीही पहिल्या वर्षी मी साध्या सादरीकरणाच्या फाइलचाच सल्ला देईन. एका नमुन्याला एक-दोन स्लाइड, सोबत खर्ड्याची लिंक आणि चिंतन-नोंद, एवढे पुरते. रंगसंगती, फिरणारी अक्षरे आणि सजावट यांना गुण देऊ नयेत, आणि हे आधीच सांगून ठेवावे, अन्यथा अर्धा वेळ त्यातच जातो.

पालकांना पोर्टफोलिओ दाखवण्याच्या दिवशी शिक्षकाने बोलू नये. पाच मिनिटे विद्यार्थ्यानेच स्वतःचे काम उघडून, पहिला खर्डा आणि शेवटचे रूप शेजारी ठेवून, काय बदलले ते सांगावे. आदल्या आठवड्यात जोडीदारासमोर एकदा सराव करून घेतला की लाजाळू मुलेही बोलतात.

मुलांची माहिती जपताना

पोर्टफोलिओ सुरुवातीपासून मर्यादित व्यक्तींपुरताच उघडा ठेवावा. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय सोयीचा वाटला तरी लिंक पुढे कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख यांची पोर्टफोलिओत गरज नसते. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कुठे काढले त्या ठिकाणाची नोंद असू शकते, म्हणून कॅमेऱ्यातील स्थान नोंदवण्याची सोय बंद ठेवावी. गटकामाच्या छायाचित्रात इतर मुले दिसत असतील तर त्यांची आणि त्यांच्या पालकांचीही संमती लागते. गटाने लिहिलेला अहवाल चौघांपैकी कोणीही आपल्या पोर्टफोलिओत ठेवू शकतो, पण सर्व सहलेखकांचा उल्लेख करून आणि स्वतःचा भाग कोणता ते स्पष्ट लिहून. इंटरनेटवरून घेतलेल्या चित्रांबाबतही हीच शिस्त हवी: क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची (काही अटींवर इतरांना वापरू दिलेली) चित्रे शोधायची, परवान्याची अट वाचायची आणि चित्रकाराचे नाव चित्राखाली द्यायचे.

वर्ष संपताना

शेवटच्या दोन आठवड्यांतली एक तासिका फक्त आवराआवरीसाठी ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने निवडक फोल्डर पीडीएफ आणि मूळ फाइल अशा दोन्ही रूपांत उतरवून घ्यावा. ध्वनिमुद्रणे वेगळी साठवावीत, कारण पीडीएफमध्ये ती वाजत नाहीत. शाळा बदलल्यावर शाळेचे खाते बंद होते आणि त्यासोबत त्यातले कामही जाते, हे पालकांना लेखी कळवावे. शिक्षकाने सामायिक फाइलींच्या परवानग्या एकेक करून काढाव्यात, आणि पुढच्या वर्गशिक्षकाला पोर्टफोलिओ द्यायचा का, हे मुलाला विचारावे. तो द्यायचा असेल तर त्यातल्या शेवटच्या पानावर मी मुलांकडून एक वाक्य लिहून घेते: ‘पुढच्या वर्षी माझ्या लेखनात मला हे बदलायचे आहे.’ नवे शिक्षक पोर्टफोलिओ उघडतात तेव्हा त्यांनी आधी ते पान वाचावे, अशी मी त्यांना विनंती करते.